फामागुस्तावर लाल माती नको : १/३५ सेंच्युरिअनचे रंगकाम आणि वेदरिंग

बुरूज३५ (भांडुप)

एएफव्ही क्लब कंपनीचा १/३५ मापाचा सेंच्युरिअन रणगाडा जोडून झाला आहे, आता रंगाला आणि वेदरिंगला (म्हणजे धूळ, गंज, झिजेच्या खुणा रंगवायला) घेतोय. करायचा आहे 'फामागुस्ता'. १७ हॉर्स म्हणजे पूना हॉर्स रेजिमेंट, सेकंड लेफ्टनंट अरुण खेत्रपाल यांचा रणगाडा, १६ डिसेंबर १९७१ च्या सकाळचा. खेत्रपाल जन्माने पुण्याचे, वय तेव्हा २१. परमवीरचक्र मिळवणाऱ्या माणसाचा रणगाडा टेबलावर घेतला की एक जबाबदारी येते असे मला मनापासून वाटते, म्हणून हा धागा.

सेंच्युरिअनची जी भारतीय मॉडेल्स बघायला मिळतात, त्यातल्या बहुतेकांवर तांबडी माती असते. ती कुठून येते तेही कळते. नेटवर सेंच्युरिअनचे रंगीत फोटो शोधले की आधी समोर येतात ते व्हिएतनाममधले ऑस्ट्रेलियन रणगाडे. त्यांचा तळ नुई डाटला होता आणि तिथली माती लाल. चिखल आणि झाडोरा अडकायचा म्हणून त्यांनी बाजूचे स्कर्टही (चाकांवरचे लोंबते पत्रे) काढून ठेवले होते. आपण कोकणातली जांभ्याची माती बघत मोठे झालेलो, त्यामुळे तो लाल रंग आपल्याला लगेच खरा वाटतो आणि ब्रश आपोआप बर्न्ट सिएना या तांबूस रंगाकडे जातो.

पण फामागुस्ता लढला ती जागा बसंतर नदीची, म्हणजे शकरगढचा टापू. रावी आणि चिनाबच्या मधला, जम्मूच्या डोंगरांतून उतरणाऱ्या नाल्यांनी चिरलेला. सगळी गाळाची जमीन. ती माती ओली असताना करडी-तपकिरी दिसते आणि सुकली की फिकट बदामी, जवळपास राखाडी. त्यात डिसेंबर, म्हणजे कोरडी हवा, रात्री दव, सकाळी धुके. माझ्या मॉडेलवर हेच दिसायला हवे.

दुसरी गोष्ट गंजाची. आपल्यातले बरेच जण गंज शिकायला रे रोडला दारुखान्यात जातात, मीही जातो. जुना विक्रांत २०१४ साली तिथेच तोडला गेला. तिथला गंज बघण्यासारखाच आहे, पापुद्रे सुटलेला, नारिंगीपासून काळ्या-जांभळ्यापर्यंत. पण तो समुद्राच्या पाण्यात वर्षानुवर्षे उभ्या राहिलेल्या पत्र्याचा गंज आहे. युद्ध ३ डिसेंबरला सुरू झाले आणि बसंतरची ही लढाई १६ ची. तेरा दिवसांत, चालत्या आणि रोज हात फिरणाऱ्या रणगाड्याच्या जाड पोलादावर असे पापुद्रे येत नाहीत. रंग उडालेल्या जागी गडद तपकिरी डाग येईल, कडेला जरा नारिंगी छटा, बस. अपवाद सायलेन्सरचा. दोन्ही फेंडरवरचे (ट्रॅकवरच्या पत्र्यांवरचे) सायलेन्सर तापून रंग जाळतात, तिथे खुशाल गंज दाखवा.

मूळ रंगाबद्दल. ब्रिटिश सेंच्युरिअन डीप ब्रॉन्झ ग्रीनमध्ये रंगवले जात. तो काळपट, किंचित निळसर झाक असलेला हिरवा. तामिया कंपनीचा एक्सएफ-६२ ऑलिव्ह ड्रॅब सरळ मारला तर रणगाडा अमेरिकन दिसायला लागतो, त्यात पिवळा-तपकिरी अंश जास्त आहे. मी एक्सएफ-६१ डार्क ग्रीन घेऊन त्यात थोडा हिरवा एक्सएफ-५ घालतो, आणि उजळ करायला पांढऱ्याऐवजी एक्सएफ-५७ बफ. पांढऱ्याने हिरवा खडूसारखा होतो, बफने उन्हात विटल्यासारखा. मॉडेल लहान असल्यामुळे रंग खऱ्यापेक्षा एक पायरी फिका ठेवावाच लागतो, नाहीतर शेल्फवर काळा ठोकळा दिसतो.

नगरला कॅव्हलरी टँक म्युझियममध्ये ज्यांना जाता येईल त्यांनी जरूर जावे. आकार, वेल्डिंगच्या रेषा, ओतकामाचा खरखरीतपणा, साखळ्या-दोर कुठे अडकवतात, हे सगळे तिथे नीट बघता येते. रंग मात्र तिथून घेऊ नका. संग्रहालयातले रणगाडे पुन्हा पुन्हा रंगवलेले असतात, अंगावर तुकतुकी असते.

पुढचे टप्पे करेन तसे इथेच लिहितो. सूचना हव्यात.

चिंचपोकळी_वर्कशॉप

मुद्दा कळला, पण पूर्ण पटला नाही. आपण मॉडेल बनवतो, पुरावा नाही. अख्खा रणगाडा गडद हिरवा आणि वर बदामी धूळ, म्हणजे नजर कुठे थांबणार? स्पॅनिश मंडळींनी, मिग हिमेनेझ वगैरेंनी, कलर मॉड्युलेशन आणले ते याचसाठी. पॅनेलगणिक उजेड-अंधार, ओघळ, थोडा गंज, म्हणजे २१-२२ सेंटिमीटरची वस्तू जिवंत दिसते. त्याआधी बेल्जियमच्या वेर्लिंडेनने ड्रायब्रशिंग (जवळजवळ कोरड्या ब्रशने उंचवटे उजळणे) आणि वॉश (खाचांत पातळ गडद रंग सोडणे) लोकप्रिय केले, तेही वास्तवापेक्षा उठावदारच होते. स्पर्धेच्या टेबलावर फिकट धुळीकडे कोणी वळून बघत नाही. तुम्ही म्हणता तसे केले तर मॉडेल बरोबर होईल, पण बघावेसे वाटेल का?

बुरूज३५

वाटेल. उठाव हवाच, त्याबद्दल वाद नाही. तो धुळीतूनच काढायचा. काळपट हिरव्यावर फिकट बदामी हा मुळातच मोठा विरोध आहे, लाल-तपकिरीपेक्षा कितीतरी जास्त. शिवाय धूळ सगळीकडे सारखी बसत नाही. आडव्या पृष्ठभागावर साचते, उभ्यावर टिकत नाही, माणसांचा वावर असतो तिथे पुसली जाते. दवाने भिजून सकाळी ओघळते आणि सुकल्यावर ओघळाच्या कडेला फिकट रेघ राहते. एवढे सगळे दाखवायचे तर एकाच बदामीच्या चार-पाच छटा लागतात. मॉड्युलेशनही मी करणार आहे, फक्त हलके. टरेटचा (वरच्या फिरत्या बुरुजाचा) माथा उजळ, स्कर्टच्या खालचा भाग गडद.

आणि मापाचा हिशेब धरा. १/३५ वर एक मिलीमीटरचा ओरखडा म्हणजे खऱ्यावर साडेतीन सेंटिमीटर. स्पंजने चिपिंग (उडालेल्या रंगाच्या खुणा) करताना आपण असे शेकडो टिपके मारतो. एवढा रंग उडालेला रणगाडा कारखान्यातून बाहेर पडून किती वर्षे मार खातोय, असा प्रश्न पडावा. मी चिपिंग फक्त हॅचच्या कडा, स्कर्टचे कोपरे, अवजारांचे ब्रॅकेट आणि चढण्या-उतरण्याच्या जागा इथे करणार, तेही शून्य नंबरच्या ब्रशने.

निवृत्त_क्राफ्ट्समन

नमस्कार मंडळी. मी ईएमईमध्ये (लष्कराच्या यंत्रदुरुस्ती विभागात) होतो, विजयंता आणि टी-५५ रणगाड्यांवर काम केले. मॉडेल बनवत नाही, नातू बनवतो, त्याच्यामुळे हा धागा वाचला. चार गोष्टी सांगतो, कामाला येतात का बघा.

क्रू रणगाडा घाण ठेवत नाही. वेळ मिळाला की पहिले काम साफसफाई, ग्रीसिंग, ट्रॅकचा ताण तपासणे. पेरिस्कोपच्या काचा आणि साइट तर दर थांब्याला पुसतात, आंधळा रणगाडा काय कामाचा? म्हणून काचांवर धूळ अजिबात दाखवू नका आणि काचेभोवती पुसल्याची वर्तुळे ठेवा.

चाकाच्या हबमधून ग्रीस थोडे बाहेर येतेच. त्यावर धूळ बसली की काळा ओशट चट्टा होतो, मध्ये ओला, कडेला सुका. सहाच्या सहा चाकांवर सारखा नसतो.

पाय कुठे पडतात ते बघा. सेंच्युरिअनला ड्रायव्हर पुढे उजवीकडे बसतो, त्यामुळे त्या बाजूचा पुढचा फेंडर आणि ग्लॅसिसची (पुढच्या उतरत्या चिलखताची) कड बुटांनी घासलेली असणार. टरेटवर चढायच्या जागा ठरलेल्या असतात. तिथे रंग उडण्यापेक्षा जास्त गुळगुळीत होतो, चकाकतो. इंजिन डेकवर बुटांचे धुळीचे ठसे असतात, कारण तेल-पाणी बघायला दिवसातून कितीदा तरी वर जावे लागते.

आणि एक. टी-५५ डिझेलवर चालतो, सांडलेले डिझेल टाकीच्या तोंडाशी काळे राहते आणि धूळ धरते. सेंच्युरिअनचे मिटिऑर इंजिन पेट्रोलचे. पेट्रोल सांडले तर धूळ धुऊन नेते आणि उडून जाते. तिथे उलट स्वच्छ पट्टा दिसेल, कडेला धुळीची रेघ. नातवाने काळा डाग काढला होता, त्याला हेच सांगितले.

बुरूज३५

काका, पेट्रोलचा मुद्दा सोन्यासारखा आहे. मी टाकीच्या झाकणाशी काळाच ओघळ दाखवणार होतो, आता धुतलेला पट्टा करतो. असे आणखी काही आठवले तर कृपया लिहा, इथे सगळ्यांना हवे आहे.

सायली_लालबाग

मी नवीन आहे. तामियाचा टी-५५ए घेतला आहे, एअरब्रश आणि छोटा कंप्रेसरही. पण घर दहा बाय बाराचे, आजी घरात असते, तिला वास सहन होत नाही. शिवाय पाऊस सुरू झाल्यापासून मॅट वॉर्निश मारले की पांढरट पडते. मध्येच एअरब्रशमधून पाण्याचे थेंब उडतात. रंगकाम दिवाळीपर्यंत बंदच ठेवावे का?

मुलुंड_चेकनाका

सायली, बंद नको, कामाचा क्रम बदल.

पांढरट पडते त्याचे कारण हवेतला दमटपणा. सॉल्व्हंट झपाट्याने उडताना पृष्ठभाग गार होतो आणि हवेतली वाफ त्यावर धरते. ती वॉर्निशमध्ये अडकली की धुरकट थर दिसतो. जुलैत मुंबईत आर्द्रता ८० टक्क्यांच्या वर असतेच, त्यामुळे लॅकर आणि कॅनमधले स्प्रे सर्वात जास्त त्रास देतात. एक छोटा हायग्रोमीटर घे आणि आकडा ७० च्या खाली आला तरच वॉर्निश मार. दुपारी पावसाने उघडीप दिली की तासभर मिळतो. आधीच पांढरे पडले असेल तर घाबरू नकोस, बहुतेक वेळा त्यावर ग्लॉसचा पातळ हात दिला की धुरकटपणा जातो, मग कोरड्या दिवशी पुन्हा मॅट.

थेंब उडतात ते कंप्रेसरमधले. हवा दाबली की तिच्यातले बाष्प नळीत पाणी होऊन साचते. मॉइश्चर ट्रॅप लाव, तो कंप्रेसरला चिकटून नको, नळीच्या मधे किंवा हँडलजवळ, म्हणजे हवा गार झाल्यावरचे पाणीही पकडले जाते. नागदेवी स्ट्रीटवर फिटिंग्ज सुटी मिळतात, सोबत नळीचा तुकडा घेऊन जा, म्हणजे आटे जुळतात. दर पंधरा मिनिटांनी ट्रॅप रिकामा कर.

वासासाठी, घरात लॅकर नको. व्हॅलेहोसारखे पाण्याचे ॲक्रिलिक घे आणि वॉशसाठी कमी वासाचा इनॅमल थिनर. तरीही खिडकीत एक्झॉस्ट पंखा हवा आणि कार्ट्रिजचा मास्क हवाच. कापडी मास्क फवाऱ्याला चालत नाही. वास येत नाही म्हणजे वाफ नाही, असे समजू नकोस. आजी दुपारी शेजारी जात असतील तर तीच वेळ धर.

आणि खरे सांगू का, पावसाळा हा जोडकामाचा काळ. आम्ही बरेच जण जून ते सप्टेंबर स्प्रू (सुटे भाग असलेल्या प्लॅस्टिकच्या चौकटी) कापतो, घासतो, ट्रॅक जोडतो. रंग ऑक्टोबरपासून.

सायली_लालबाग

खूप आभार दादा. ट्रॅपचे आजच बघते. प्रायमर ब्रशने मारला तर चालतो का?

मुलुंड_चेकनाका

चालतो, पण पातळ दोन हात दे, एक जाड नको. रिव्हेट बुजतात.

बुरूज३५

मूळ रंग झाला, डिकॅल (चिकटवायची चिन्हे) बसले. आता ऑइलचे काम. हा टप्पा मला सगळ्यात जास्त आवडतो आणि घाईने बिघडतोही इथेच, म्हणून सविस्तर.

डिकॅलच्या आधी ग्लॉस वॉर्निश मारले होते, तेच पिन वॉशलाही उपयोगी पडते. गुळगुळीत पृष्ठभागावर वॉश खाचेत आपोआप पळतो, मॅटवर तो जागच्या जागी शोषला जाऊन डाग सोडतो. ॲक्रिलिक खाली आणि ऑइल-इनॅमल वर हा क्रम पाळला की टर्पेंटाइनने खालचा रंग उठत नाही. खालचा थर पूर्ण सुकलेला मात्र हवा, आणि आपल्या हवेत त्याला जास्तीचा एक दिवस द्यावाच.

वॉश सगळ्या अंगावर फासायचा नाही. बारीक ब्रशने बोल्टच्या मुळाशी, हॅचच्या सांध्यात, वेल्डच्या कडेला टेकवायचा आणि जास्तीचा ओल्या ब्रशने उचलायचा. रंग काळा नको. रॉ अंबर या तपकिरी रंगात थोडा काळा, म्हणजे हिरव्याशी जुळतो.

मग ऑइलचे ठिपके. कॅमलच्या आर्टिस्ट ऑइल ट्यूब यासाठी उत्तम आहेत, परदेशी मॉडेलिंग ऑइलमागे धावायची गरज नाही. कॅम्लिन १९३१ पासूनची, मुंबईतच सुरू झालेली, आणि या ट्यूब कुठल्याही आर्टच्या दुकानात मिळतात. टायटॅनियम व्हाइट, यलो ऑकर, रॉ अंबर आणि थोडा निळा एवढे पुरते. रंग आधी पुठ्ठ्यावर काढून ठेवा, तासाभरात पुठ्ठा त्यातले जवसाचे तेल ओढून घेतो. तेल राहिले तर रंग चकाकतो आणि दिवसेंदिवस सुकत नाही. मग पॅनेलवर सुईच्या टोकाएवढे ठिपके, विखुरलेले. रुंद ब्रश थिनरमध्ये बुडवून कापडावर जवळजवळ कोरडा करायचा आणि वरून खाली ओढत राहायचे. ठिपके नाहीसे होतात आणि हिरव्यात झाका राहतात. उभ्या भिंतीवर ओढ उभीच हवी, टरेटच्या माथ्यावर गोलाकार चालते.

दवाचे ओघळ मी ऑकर आणि पांढऱ्याच्या मिश्रणाने काढले. टरेटच्या बिनच्या (सामानपेटीच्या) खालून दोन-तीन बारीक रेघा ओढल्या, दहा मिनिटे थांबलो आणि दोन्ही बाजूंनी थिनरच्या ब्रशने पुसत रेघ अरुंद केली. वरचे टोक ठळक आणि खालचे विरत गेलेले, असे झाले की थांबायचे.

टर्पेंटाइनबद्दल सांगायलाच हवे. हार्डवेअरच्या दुकानात मिळणारे सगळेच शुद्ध नसते. पांढऱ्या कागदावर एक थेंब टाकून उडू द्या. मागे तेलकट डाग राहिला तर ते मॉडेलवर वापरू नका.

चिंचपोकळी_वर्कशॉप

फोटो बघितले. मान्य, उठाव आला आहे. बिनखालचे ओघळ विशेष आवडले. पण धूळ अजून दिसत नाही, तुमचा सगळा युक्तिवाद तर धुळीवर होता. आणि ट्रॅकचे काय केले?

बुरूज३५

धूळ आता. एक्सएफ-५७ बफ आणि एक्सएफ-५५ डेक टॅन, नव्वद टक्के थिनर, दाब १५ पीएसआयच्या आसपास. स्कर्ट, चाके आणि पुढच्या-मागच्या मडगार्डवर खालून वर, दर हातानंतर सुकू देऊन. एवढा पातळ रंग मारताना दिसतच नाही, सुकल्यावर दिसतो, म्हणून दिसायच्या आधी थांबावे लागते. मग ओल्या ब्रशने बुटांच्या जागा, हॅचभोवती आणि काकांनी सांगितले तसे पेरिस्कोपभोवती पुसून घेतले.

नदीपात्र ओलांडलेले असल्यामुळे खालच्या हलवर (धडावर) ओलसर वाळूमिश्रित चिखल दाखवला आहे. सॉफ्ट पेस्टल खडू सॅंडपेपरवर घासून केलेली करडी आणि अंबर तपकिरी पूड, थोडी बारीक वाळू, मॅट मीडियम. स्कर्टच्या खालच्या कडेपर्यंतच. स्कर्टवर वरपर्यंत चिखल उडवायचा मोह होतो, तो टाळला.

ट्रॅक मॅंगनीज पोलादाचे असतात. सगळे आधी गडद करड्या-तपकिरीत, वर धुळीचा वॉश, मग जमिनीला टेकणाऱ्या कडांवर ६बी पेन्सिलीची पूड बोटाने घासली. वाळूत चालल्यावर हे भाग झिजून लख्ख होतात. आतल्या बाजूला चाकांचे रबर लागते, तिथे चकाकी कमी ठेवली. रबर एक्सएफ-६९ नाटो ब्लॅकमध्ये, निव्वळ काळे नाही.

कुर्ला_सिग्नल

ट्रॅक आणि चिखलासाठी माझी एक सवय सांगतो. मेट्रोच्या कामांवर पोकलेन उभे असतात, त्यांच्याकडे नीट बघा. चिखल एका थरात नसतो. आत जुना सुकलेला फिकट, त्यावर आजचा ओला गडद, आणि फिरत्या भागांच्या कडेला दाबून घट्ट झालेला. ग्रीस कुठे पाझरते, झेंड्यांसारखे सुके पापुद्रे कुठे लोंबतात, सगळे दिसते. माती आपली असली तरी साचण्याची रीत तीच. रंग मात्र बुरूजदादा म्हणतात तसा त्या जागेचा घ्यावा.

गिरगाव_३५

लेफ्टनंट कर्नल तारापोर यांचा १९६५ चा सेंच्युरिअन करायचा माझ्या मनात आहे. तेही पूना हॉर्स आणि जन्म आपल्या मुंबईचा, १९२३ चा. टापूही तोच, सियालकोटचा. मग वेदरिंग हेच ठेवू का?

बुरूज३५

माती हीच, महिना वेगळा. फिल्लोराची लढाई ११ सप्टेंबरची आणि तारापोर साहेब १६ सप्टेंबरला धारातीर्थी पडले. म्हणजे पावसाळा सरतानाचे दिवस. दिवसा कडक ऊन, शेतात उभा ऊस, सखल जागी अजून ओल. मी असतो तर कोरड्या धुळीसोबत खालच्या भागात ओल्या चिखलाचा गडद रंग जास्त ठेवला असता, आणि पुढच्या कडांना, टो हुकांमध्ये पिकाचा पालापाचोळा अडकवला असता. धुके-दवाचे ओघळ मात्र गाळले असते. नक्की करा, धागा काढा, वाट बघतो.

शिवडी_कोळीवाडा

एक विचारू? फामागुस्ताला गोळे लागले, आग लागली, तरी खेत्रपालांनी रणगाडा सोडला नाही. मग तो क्षण का नाही दाखवायचा? जळका रंग, काजळी, भोके. खरे शौर्य तर तिथेच दिसते ना?

बुरूज३५

याचा विचार मीही केला. ज्यांना तो क्षण दाखवायचा आहे त्यांच्याबद्दल मला आदरच आहे, पण माझ्याकडून ते होणार नाही. गोळा नेमका कुठे शिरला, काजळी कुठवर गेली, हे मला माझ्या अंदाजाने रंगवावे लागेल, आणि त्या रणगाड्यावर अंदाजाने भोक पाडायला माझा हात धजत नाही. ज्या सकाळी बी स्क्वॉड्रनने मदत मागितली आणि खेत्रपाल पुढे निघाले, त्या वेळचा रणगाडा मी करतोय. चालता, धुळीने भरलेला, काचा पुसलेल्या.

निवृत्त_क्राफ्ट्समन

बरोबर बोललात. असाच ठेवा.

सायली_लालबाग

ट्रॅप लावला, थेंब बंद झाले. एक शेवटची शंका. पेस्टलची पूड लावून झाल्यावर ती पक्की करायला वरून मॅट वॉर्निश मारायचे का? काही जण हो म्हणतात.

बुरूज३५

नाही. फवाऱ्याने पूड अर्धी उडते आणि उरलेली भिजून दिसेनाशी होते. मॅट वॉर्निश आधी मारून घ्यायचे, पूड त्यानंतर. पक्की करायला ब्रशने थिनरचा एक थेंब कडेला टेकवायचा, तो पुडीत आपोआप पसरतो. ओले असताना रंग गडद दिसेल, सुकेपर्यंत हात लावू नकोस. आणि त्यानंतर मॉडेल उचलायचे ते स्कर्टला धरून नाही, हलच्या खालून.